जिन्याच्या वळणावरचं टेबल

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी छोट्या आरशातून माझा घसा मलाच दाखवला. लालभडक. "स्वरयंत्रावर रक्त साकळलंय. महिनाभर एकही शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, ते ओरडण्यापेक्षा वाईट." काहीतरी विचारायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यभर मी वर्गावर्गात ठेवत आलो, तसंच.

शोकसभेत माईक बंद पडला आणि मैदानाच्या टोकापर्यंत माणसं उभी होती. मी माईकशिवाय बोललो. चार मुलं गेली आमची. शाळा सुटायची घंटा झाली, सगळे वर्ग एकदम सुटले, आणि जिन्यात कुणीतरी ओरडलं, "स्लॅब पडला!" स्लॅब जागेवर होता, आजही आहे. पण जिन्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या दाराचा एकच पल्ला उघडा होता. दुसरा गंजून वर्षानुवर्षं बंद, आणि वरून तीन वर्ग धावत उतरत होते. मी सभेत विचारलं, हा पल्ला बंद कुणी ठेवला? गंजानं, की आपल्या सगळ्यांच्या 'चालतंय की'नं? लोक ओक्साबोक्शी रडले. घसा तिथेच फाटला.

मुख्याध्यापक निलंबित आहेत. त्यांचा कार्यभार तात्पुरता माझ्याकडे. शाळेला माझ्या आवाजाची सर्वांत जास्त गरज, नेमका तेव्हाच तो गेला.

ही म्हणाली, "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा घरातलं घड्याळ ऐकू आलं." स्वतःच हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मला तिची समजूतही घालता आली नाही. म्हणून ही वही. बोलल्याशिवाय मला विचार करता येत नाही, निदान लिहून तरी बघतो.

२० नोव्हेंबर

शाळा उघडली. निम्म्याहून जास्त मुलं आली, एवढी येतील असं वाटलं नव्हतं. पण वर कुणी जाईना. आठवी, नववी आणि दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. पोरं जिन्यापाशी येतात, पहिल्या पायरीकडे बघतात आणि मागच्या मागे वळतात. गणिताच्या बाईंनी दटावून पाहिलं. दहावीतला एक दांडगा मुलगा, ज्याला वर्गाबाहेर काढता काढता मी थकलो होतो, तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याचे दात वाजायला लागले. शेवटी तिन्ही वर्ग मैदानात, ताडपत्रीखाली.

दुपारी शिक्षण खात्याचं पत्र आलं. डिसेंबरअखेर पाहणी. तोवर वरचा मजला वापरात नसेल तर वरचे तिन्ही वर्ग हमरस्त्यापलीकडच्या शाळांत 'सामावून' घेतले जातील. सामावून! काय गोंडस शब्द. ज्यांच्या बापाकडे गाडी आहे ती मुलं सामावली जातील. बाकीची, विशेषतः मुली, घरी बसतील. हमरस्ता ओलांडून, दोन बस बदलून त्यांना कोण पाठवणार? चार आधीच गेली, आता उरलेल्यांचं शिक्षण जाणार, आणि कागदावर शब्द राहील 'सामावून'.

माझ्याकडे एकच हत्यार, ते म्यानात. पण महिन्यानंतर मी बोलेन. असा बोलेन की ही पोरं धावत वर जातील. भाषण आजपासूनच लिहायला घेतलंय. तोवर किरकोळ कामं उरकून टाकतो.

चौकशीवाल्यांचे फोटो काढून झाले होते, म्हणून वेल्डरला बोलावून ते जाळीचं दार मुळापासून कापून टाकलं. शिपाईमामा लांब उभे होते. "सर, रोज एकच पल्ला मीच उघडायचो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. यावर मी काय काय बोललो असतो! बोलता येईना, म्हणून दाराचं दुसरं टोक धरायची खूण केली. दोघांनी मिळून ते ओढत भंगारात नेऊन टाकलं. घंटेला मात्र मामा हात लावायला तयार नाहीत. राहू दे. वर्ग सोडायला मीच दारादारात जाऊन उभा राहीन.

२४ नोव्हेंबर

कार्यालय तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला. तिथून मी कुणाला हाक मारू शकत नाही, आणि टेबलावरची घंटी वाजवली की मामांचा चेहरा बघवत नाही. म्हणून आज माझं टेबल उचलून जिन्याच्या वळणावर ठेवलं. तिथे ऐसपैस जागा आहे, कोपऱ्यात टेबल सारलं तरी शेजारून चार माणसं आरामात जातील. तिथून वरचा मजलाही दिसतो, खालचं मैदानही. कुणाला बोलवायचं तर हात वर केला की झालं.

गणिताच्या बाई म्हणाल्या, "सर, मुख्याध्यापक जिन्यात बसलेला मी पहिल्यांदाच बघतेय. तिकिटं फाडणार आहात का?"

शोभत नाही, हे मलाही कळतं. आवाज येईपर्यंतच आहे. डबाही तिथेच खाल्ला. पोरं खाली गोळा होऊन, माकड बघावं तशी माझ्याकडे बघत होती.

२५ नोव्हेंबर

पाटी आणि पेन्सिल आणली. काही सांगायचं झालं की पाटीवर लिहितो आणि वर धरतो. जिन्याच्या पायथ्याशी एक मुलगी बसलेली असते. ती ताडपत्रीखालीही जात नाही आणि घरीही जात नाही, दप्तर मांडीवर घेऊन बसून राहते. नववीतली. गेलेल्या चौघांतल्या सगळ्यात लहानाची ही बहीण. तो पाचवीत होता. पाचवीची सगळी पोरं हिला 'ताई' म्हणतात, कारण तो म्हणायचा.

मी लिहिलं, 'मामांना बोलाव.' तिनं डोळे बारीक केले.

"दिसत नाही सर. फार बारीक लिहिता तुम्ही."

पुसून मोठं लिहिलं. तरी दिसेना. ती उठली, दोन पायऱ्या चढली, वाचलं, उतरली आणि मामांना घेऊन आली. मला याहून मोठी पाटी घ्यायला हवी. आयुष्यभर फळ्यावर लिहूनही अक्षर असलं! शिवाय ती पाटीकडे कमी आणि टेबलाकडेच जास्त बघत असते. लक्ष नसतं मुलीचं.

२८ नोव्हेंबर

ताईची आई आली होती. कपड्यांना इस्त्री करते, बोटांवर डाग पडलेले. मला वाटलं शिव्या घालेल. मी उभा राहिलो.

"सर, त्या दिवशी तुम्ही खूप बोललात. चांगलंच बोलला असाल. माझ्या काही डोक्यात शिरलं नाही," ती म्हणाली. "मला फक्त त्याची चप्पल हवीय. एकच मिळाली. दुसरी इथे असेल, कुणीतरी शोधून द्या. एकच घरात ठेवून काय करू?"

त्या दिवशी जिन्यात सापडलेल्या पायताणांचं पोतं प्रयोगशाळेत पडलेलं होतं. ते कुणी उघडत नव्हतं. मामांना सांगणार कसं, बाईंना सांगणार कसं? मीच दार लावून बसलो. बूट, चपला, तुटलेले बंद, एक चांदीचं पैंजण. दुपार गेली त्यात. निळी, टाचेला झिजलेली, उजव्या पायाची. नळाखाली धुवून, कागदात गुंडाळून तिला नेऊन दिली. तिनं कागद उघडून बघितला नाही. छातीशी धरला आणि पुन्हा इस्त्री उचलली.

अख्खी दुपार वाया गेली. भाषणाची एक ओळ झाली नाही.

३ डिसेंबर

वर्ग सोडायची नवी पद्धत आता अंगवळणी पडली. घंटा नाही. मी एका वर्गाच्या दारात, म्हणजे ताडपत्रीच्या टोकाला उभा राहतो, मुलं माझ्यामागे रांगेत फाटकापर्यंत येतात, मग मी दुसऱ्या वर्गाकडे परत. माझा गुडघा दुखतो म्हणून चाल गोगलगायीची. मागून पोरं म्हणतात, "मुक्या सरांची वरात निघाली." ऐकू येतं मला! मुका आहे, बहिरा नाही. शाळा सुटायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो. पण पालकांनी तक्रार केलेली नाही, कशी काय कोण जाणे.

रोज कुणीतरी वहीवर सही घ्यायला येतं. पूर्वी सह्या वर्गशिक्षक करायचे, आता पोरं थेट माझ्याकडे टेबलाशी येतात. आज आठवीतल्या सहाजणी एकदम आल्या, वहीत सही करण्यासारखं काही नव्हतंच. तरी केली. शिस्त ढासळते आहे.

९ डिसेंबर

आश्चर्य! आठवी वर गेली. रात्री वाऱ्यानं ताडपत्री फाटली, सकाळी बोचरा वारा होता, पोरं कुडकुडत होती. मी टेबलाशी पेन्सिलीला टोक करत बसलो होतो. एक आली, मग तीन, मग रांगच. टेबलापाशी क्षणभर थांबायची, माझ्याकडे बघायची आणि वर. मी मान हलवायचो. दुसरं काय करणार? पाठोपाठ दहावी. तो दांडगा मुलगा कठड्याला घट्ट धरून, डोळे मिटून आला. वळणावर त्याचा हात चाचपडला, मी तो टेबलाच्या कडेवर ठेवला. त्यानं डोळे उघडले.

"थंडीच पडायला हवी होती बघा," मी बाईंना पाटीवर लिहून दाखवलं.

बाईंनी पाटी वाचली, मग टेबलाकडे बघितलं. "हो सर," म्हणाल्या, "थंडीच."

नववीही गेली, एक सोडून. ताई चौथ्या पायरीपर्यंत येते, पाटी वाचते आणि उतरते. खाली एकटी बसते. तिच्या आईनं सांगून ठेवलंय, वर्ग हलवले तर हिला कामाला घालणार. म्हणजे तिच्यासाठी तरी मला बोलावंच लागेल.

१९ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, "बोला."

घरी आल्यावर पहिला शब्द काय उच्चारावा ते कळेना. हिला म्हटलं, "पाणी." आवाज आला! माझाच, खर्जातला, भरदार. ही म्हणाली, "झालं, संपले सुखाचे दिवस." पण तिनं पाणी दोनदा आणलं.

भाषण तयार आहे. वाचलेलं सगळं त्यात ओतलंय. भयावर विजय मिळवलेली माणसं, शाळा वाचवणारी गावं, अंधारात पहिलं पाऊल टाकणारे लोक. वळणावर उभं राहून बोलणार, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे जाईल. ताई उद्या वर जाईल.

२० डिसेंबर

लिहवत नाही. तरी लिहितो.

आठवी जिना चढत होती. नववी खाली रांगेत. मी टेबलासमोर उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि गरजलो, "मुलांनो!"

जिना पोकळ आहे. माझा आवाज वर आदळला, खाली आदळला आणि दुप्पट होऊन परत आला. क्षणभर सगळं थिजलं. मग कुणीतरी किंचाळलं. मुलं खाली धावली, एकमेकांवर, आणि मी हात पसरून ओरडत होतो, "थांबा! थांबा!" जितका ओरडलो तितकी जास्त धावली. मी तोंडावर हात दाबून धरला, तेव्हा कुठे थांबली.

दार नाही आता तिथे. म्हणून कुणी चिरडलं नाही. एका मुलीची हनुवटी पायरीवर फुटली, टाके पडले. ताई फाटकाबाहेर पळाली ती थेट घरी.

मामा पायऱ्यांवरचं रक्त पुसत होते. मी पुसायला वाकलो, तर म्हणाले, "राहू द्या सर, तुम्ही बसा तिथे तुमच्या जागी."

भाषणाची बारा पानं खिशात होती. घरी आणली आहेत.

२२ डिसेंबर

वर कुणी नाही. पुन्हा मैदान, फाटकी ताडपत्री, वारा. पाहणी तोंडावर.

आवाज असून तो काढायची हिंमत होत नाही. टेबलाशी बसलो आणि पाटी घेतली. काय लिहावं? लिहिलं, 'परवा माझं चुकलं.' वर धरली. पोरं लांबून बघत होती, जवळ कुणी येत नव्हतं.

दुपारी ताई आली. पायथ्याशी उभी राहिली.

"काय लिहिलंय?"

मी पुसून मोठं लिहायला लागलो.

"पुसू नका. येते मी."

ती आली. चौथी पायरी, पाचवी, आणि पुढे. भिंतीला खांदा घासत. वळणावर पोचली, पाटी वाचली आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. श्वास लागला होता तिला.

"सर, तो इथे उभा राहायचा."

मला कळलं नाही.

"सुटल्यावर सगळे खाली यायचे आणि हा एकटा वर यायचा, मला घ्यायला. मी म्हणायची, खाली थांब रे, तर ऐकायचा नाही. या कोपऱ्यात उभा राहून वाट बघायचा. त्या दिवशी पण." तिनं टेबलाखाली बघितलं. "तुमच्या टेबलाखाली."

एवढे दिवस मी तिथे बसलो होतो. तिथे डबा खाल्ला होता. मी उठलोच. पेन्सिल हातातून गळाली होती, म्हणून अगदी हळू, श्वासातल्या श्वासात विचारलं, "हलवू का हे?"

"नको," ती म्हणाली. "असू द्या. हे असलं की तिथे कुणाचा पाय पडत नाही."

मग तिथेच, टेबलाच्या बाजूला, ती उभी राहिली. खालून पोरांनी बघितलं. नववीतल्या दोघी वर आल्या. त्यांच्यामागे आणखी. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. शाळा सुटायच्या वेळेपर्यंत तिन्ही वर्ग वर होते. ताई तेवढी वळणापर्यंतच. वरच्या पायऱ्यांकडे तिनं पाहिलंही नाही.

२९ डिसेंबर

पाहणी झाली. साहेब तरुण आहेत, बूट चकचकीत, पण माणूस कामाचा. प्रत्येक वर्गात गेले, खिडक्या हलवून बघितल्या. मजला वापरात आहे असं लिहिलं. वार्षिक परीक्षेपर्यंत वर्ग हलणार नाहीत, नंतर पुन्हा पाहणी. तलवार टांगतीच.

उतरताना वळणावर थांबले.

"हे काय?"

"माझं टेबल," मी हळूच म्हणालो. आता हळूच बोलतो.

"जिन्यात? सर, तुम्ही शुद्धीवर आहात ना? याच जिन्यात चार मुलं गेली. आणि तुम्ही इथे फर्निचर मांडून बसलाय?"

"कोपऱ्यात आहे. वाट मोकळी—"

"वाट मोकळीच होती तेव्हाही, एक पल्ला. आजच्या आज हलवा. नाहीतर माझा शेरा बदलेल."

बारा पानं होती माझ्याकडे. त्यांना रडवलं असतं. पण ते बरोबर बोलत होते, आणि मला तेच गिळवत नव्हतं. जिन्यात काही असू नये. मी हाच नियम सभेत ओरडून सांगितला होता, घसा फुटेपर्यंत.

"हो साहेब," म्हणालो.

संध्याकाळी मामा आणि मी टेबल कार्यालयात नेलं. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग उरले. ताई पायथ्याशी उभी राहून बघत होती. मग ती निघून गेली.

रात्री खात्याचा अहवाल भरला. 'प्रभारी काळात केलेले विशेष कार्य' या रकान्यात बराच वेळ काही सुचेना. शेवटी खरं तेच लिहिलं: निरंक. ना सभा, ना मोहीम, ना एक धड भाषण. एक जाळी काढली आणि एक टेबल हलवलं, तेही पुन्हा जागेवर.

३० डिसेंबर

सगळ्यांच्या आधी गेलो. वळणावरचा कोपरा उघडा पडला होता, पाय पडण्याजोगा. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, पाठ कोपऱ्याकडे. टेबल काढा म्हणाले होते, माणूस काढा म्हणाले नव्हते.

मुलं आली. क्षणभर थबकली, टेबल शोधलं, मग मला बघितलं. मी मान हलवली. माझ्यापाशी किंचित वळून वर गेली. आठवी गेली, दहावी गेली, नववी गेली. बाई चढता चढता म्हणाल्या, "दिवसभर उभे राहणार? गुडघा?" मी म्हटलं, "बघू."

दुपारपर्यंत गुडघा सुजला. कठड्याला टेकलो तर कोपरा उघडा पडतो, म्हणून टेकता येईना. आणि आठवी सोडायची वेळ झाली. त्यांच्या दारात मी गेल्याशिवाय ती उतरणार नाहीत, आणि मी गेलो तर इथे कोण?

खालून पावलं आली. ताई. आज ती सकाळपासून दिसली नव्हती, मी आशा सोडली होती. पायात भावाच्या निळ्या चपला, तिला लहान होणाऱ्या, टाचा बाहेर. ती सरळ वळणावर आली, माझ्या बाजूनं कोपऱ्यात शिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अगदी त्या जागी.

"आठवी सोडायचीय ना सर? तुम्ही जा. मी आहे इथे."

मी वर गेलो. आठवीला मागे घेऊन, कठडा धरून, एकेक पायरी उतरलो. ती तशीच उभी होती. मुलं तिला वाट सोडून एकामागून एक खाली जात होती. वर तिचा वर्ग चालू होता, गणिताच्या बाईंचा आवाज येत होता.

मी तिला वर जा म्हणालो नाही.